मुंबईच्या रेषेवरील एक बेट

भारताच्या नकाशावर मुंबईपासून एक रेघ सरळ दक्षिणेकडे ओढली, तर ती कोंकणचा किनारा डाव्या हाताला ठेवीत अरबी समुद्रांत उतरते, मालदीवच्या बेटांच्या रांगेजवळून जाते, विषुववृत्त ओलांडते आणि सुमारें २,९०० किलोमीटरांवर एका अरुंद, वांकड्यातिकड्या भूमीपाशीं येऊन ठेपते. ह्या भूमीचें नांव दिएगो गार्सिया. मुंबईचें आणि ह्या बेटाचें रेखावृत्त जवळजवळ एकच. कन्याकुमारीपासून मोजलें तर अंतर आणखी कमी, म्हणजे सुमारें १,८०० किलोमीटर भरतें. चागोस नांवाच्या द्वीपसमूहांतील हें सर्वांत मोठें बेट; पण मोठें म्हणावें, तर त्याची एकंदर जमीन तीस चौरस किलोमीटरांच्या आंतबाहेर. प्रवाळाच्या किड्यांनीं युगानुयुगें बांधलेली ही एक कड आहे. तिची लांबी साठ किलोमीटरांहून अधिक. रुंदी मात्र कित्येक ठिकाणीं अशी कीं, एका किनाऱ्यावर उभें राहून दुसऱ्या किनाऱ्यावरील लाटांचा आवाज ऐकूं यावा. मनुष्याच्या पावलाच्या ठशासारखी ती वळलेली असून उत्तरेकडे उघडी आहे, आणि तिच्या पोटांत खोल व शांत पाणी आहे. ह्या कंकणद्वीपावर आज साडेतीन किलोमीटरांहून लांब अशी धांवपट्टी आहे, आणि तिच्यावरून उडालेल्या विमानांनीं इराक व अफगाणिस्तान ह्या दोन्ही देशांतील युद्धांत बाँब टाकलेले आहेत.

मुंबईचा व ह्या बेटाचा संबंध केवळ रेखावृत्तापुरता नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज खलाशांना हें बेट ठाऊक झालें होतें; परंतु तेथें वस्ती करण्याचा त्यांनीं विचार केला नाहीं. पुढें १७८६ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनें येथें जहाजांना अन्नपाणी पुरविण्याचें ठाणें बसवावें म्हणून एक मोहीम धाडली. वाळूंत धान्य पिकेना, फ्रेंचांनीं तक्रार केली, आणि कांहीं महिन्यांतच मंडळी परत फिरली. त्या वेळीं बेटाची पाहणी व मोजणी करणारा आर्चिबाल्ड ब्लेअर हा मुंबईच्या आरमारांतील अधिकारी. त्याचेंच नांव पुढें अंदमानांतील पोर्ट ब्लेअरला मिळालें, म्हणून तो आपल्याकडे अधिक परिचित आहे. मुंबईकरांनीं सोडलेली जागा फ्रेंचांनीं घेतली. १७९३ च्या सुमारास मॉरिशसहून आलेल्या एका मळेवाल्यानें येथें नारळाची लागवड मांडली आणि तिच्यासाठीं मादागास्कर व मोझांबिक येथून आणलेले गुलाम राबविले. चागोसच्या वस्तीचें मूळ हेंच होय.

नेपोलियनशीं झालेल्या युद्धांत मॉरिशस इंग्रजांच्या हातीं पडलें आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहानें त्याच्या आश्रित बेटांसह तें कायमचें त्यांचें झालें. १८३५ मध्यें गुलामगिरी उठली. गुलामांचे मजूर झाले. मागाहून कांहीं हिंदी गिरमिटेहि येऊन त्यांत मिसळले. मालक बदलले, राष्ट्रें बदललीं, पण नारळ फोडणें, खोबरें वाळविणें, गाढवांच्या घाण्यावर तेल काढणें हा क्रम सव्वाशें वर्षें चालूं राहिला. मॉरिशसच्या रस्त्यांवरील दिव्यांत एके काळीं हेंच तेल जळत असे, म्हणून ह्या द्वीपांना ‘तेलाचीं बेटें’ म्हणत. ह्या अवधींत एक नवा समाज तयार झाला. त्याची भाषा फ्रेंचवरून घडलेली क्रिओल, धर्म बहुधा रोमन कॅथलिक, अन्न मासळी, नारळ व जहाजानें येणारा तांदूळ. पैसा थोडा, पण घर स्वतःच्या हातानें बांधलेलें, कोंबड्या व डुकरें अंगणांत, आणि वाडवडिलांच्या कबरी ईस्ट पॉइंट गांवच्या प्रार्थनामंदिराजवळ. विसाव्या शतकाच्या मध्यास ह्यांतील कित्येक घराणीं चौथ्या-पांचव्या पिढीवर आलीं होतीं. ही गोष्ट पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावयास हवी.

जग किती दूर होतें, ह्याची एक मौजेची साक्ष आहे. १९१४ च्या सप्टेंबरांत मद्रासवर तोफा डागणारी एमडेन ही जर्मन युद्धनौका ऑक्टोबरांत दिएगो गार्सियाला कोळसा भरण्यासाठीं व बूड खरवडण्यासाठीं आली. महायुद्ध सुरू होऊन दोन महिने उलटले होते. पण बेटावरील मंडळींना त्याचा पत्ताच नव्हता. जर्मनांनींहि तो लागूं दिला नाहीं. त्यांनीं मळ्याच्या व्यवस्थापकाची बिघडलेली मोटारबोट दुरुस्त करून दिली, मासे व फळें यांची भेट स्वीकारली आणि ते निघून गेले. दुसऱ्या महायुद्धांत असा भोळेपणा उरला नव्हता. १९४२ पासून ब्रिटिश हवाई दलाचीं कॅटालिना विमानें, म्हणजे पाण्यावर उतरणारीं विमानें, येथून पाणबुड्यांचा माग काढीत. १९४४ च्या वादळांत किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या एका कॅटालिनाचा सांगाडा पुढें कित्येक वर्षें वाळूंत पडून होता. युद्ध संपलें, ठाणें उठलें, आणि बेट पुन्हां खोबरें वाळवूं लागलें.

ह्यानंतर जें घडलें तें समुद्रापलीकडे, कचेऱ्यांत घडलें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या नौदलांतील स्टुअर्ट बार्बर नांवाच्या एका नियोजकानें असा हिशेब मांडला कीं, आशिया व आफ्रिका खंडांतील वसाहती एकामागून एक स्वतंत्र होणार. स्वतंत्र राष्ट्रें परक्यांचे तळ आपल्या भूमीवर फार दिवस ठेवणार नाहींत. तेव्हां ज्या बेटांवर माणसें थोडीं आणि राजकारण नाहीं, अशीं बेटें आतांच हातीं घेऊन ठेवावीं. हा हिशेब खरा ठरला, हें मान्य केलें पाहिजे. लिबियांतील व्हीलस हा अमेरिकेचा प्रचंड विमानतळ तेथें राज्यक्रांति होतांच १९७० सालीं सोडावा लागला. मालदीवमधील गान येथील ब्रिटिश हवाई ठाणें १९७६ सालीं बंद झालें. परंतु हिशेबांतील ‘माणसें थोडीं’ ह्या शब्दांचा अर्थ लवकरच ‘माणसें मुळींच नकोत’ असा करण्यांत आला.

१९६५ च्या सप्टेंबरांत मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणीं लंडनमध्यें चाललीं होतीं. ब्रिटनचे मुख्य प्रधान हॅरल्ड विल्सन यांनीं मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना एकांतांत भेटीस बोलाविलें. तुम्हीं स्वातंत्र्य घेऊनहि घरीं जाऊं शकतां आणि त्याच्यावांचूनहि, असा त्या भेटीचा रोंख होता. चागोस सोडून देण्यास रामगुलामांनीं संमति दिली. अशा स्थितींत दिलेल्या संमतीला संमति म्हणावें काय, हा प्रश्न पुढें न्यायासनापुढें आला. ८ नोव्हेंबर १९६५ रोजीं चागोस बेटें मॉरिशसपासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नांवाची एक नवी वसाहत निर्माण करण्यांत आली. साम्राज्य आवरतें घेण्याच्या काळांत नवी वसाहत निर्माण होणें ही गोष्ट विरळाच. मॉरिशसला ३० लक्ष पौंड मिळाले. पुढच्याच महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ह्या तोडातोडीविरुद्ध ठराव केला. त्याचा उपयोग झाला नाहीं. ३० डिसेंबर १९६६ रोजीं ब्रिटन व अमेरिका यांच्यांत पत्रांची देवघेव होऊन हीं बेटें पन्नास वर्षें संरक्षणाच्या कामीं वापरण्याचें ठरलें, व पुढें वीस वर्षांची वाढहि मान्य झाली. भाडें म्हणून कांहींच ठरलें नाहीं. परंतु पाणबुडींतून सोडावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारांत ब्रिटनकडून येणें असलेले १ कोटि ४० लक्ष डॉलर अमेरिकेनें गुपचूप सोडून दिले. ही सूट दोन्ही देशांच्या लोकप्रतिनिधींपासून कित्येक वर्षें लपविली गेली.

त्याच सुमारास अल्दाब्रा नांवाच्या दुसऱ्या बेटावरहि विमानतळ करण्याचा बेत होता. तेथें प्रचंड आकाराचीं कांसवें व दुर्मिळ पक्षी राहतात. त्यांच्यासाठीं इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं मोठी चळवळ केली, सरकारलाहि पैशाची ओढ होती, आणि १९६७ सालीं तो बेत सुटला. कांसवें वांचलीं हें उत्तमच झालें. दिएगो गार्सियाच्या माणसांसाठीं मात्र असें कोणीं उठलें नाहीं. कारण तीं माणसें आहेत, हेंच कागदोपत्रीं नाकारण्यांत आलें होतें. ज्या प्रदेशांत कायमचे रहिवासी आहेत त्याचा अहवाल संयुक्त राष्ट्रांना द्यावा लागतो. तो टाळावा म्हणून हे सारे लोक कराराने आलेले हंगामी मजूर आहेत, अशी भूमिका लंडनमध्यें ठरली. एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें तर १९६६ च्या टिपणांत त्यांचा उल्लेख कादंबऱ्यांतील जंगली मनुष्य व रॉबिन्सन क्रूसोचा नोकर यांच्या नांवांनीं केला. चार पिढ्यांच्या कबरी असलेल्या समाजाला हंगामी म्हणावयाचें, ही शब्दयोजना कारकुनी दृष्टीनें हुशारीची असेल. इतर कोणत्याहि दृष्टीनें तिचें समर्थन होत नाहीं.

१९६७ सालीं ब्रिटिश सरकारनें नारळाचे मळे विकत घेतले. त्यानंतर प्रत्यक्ष आज्ञेपूर्वींच माणसें कमी होऊं लागलीं. औषधोपचारासाठीं किंवा नातलगांच्या भेटीसाठीं मॉरिशसला गेलेल्यांना परतीचें तिकीट मिळेना. १९६८ सालीं पेरोस बान्योस बेटावरील एक आई अपघातांत दुखावलेल्या आपल्या मुलीला घेऊन मॉरिशसच्या रुग्णालयांत गेली. मुलगी वांचली नाहीं. शोक आवरून ती बाई परतीच्या बोटीची चौकशी करावयास गेली, तेव्हां तुमचें बेट विकलें गेलें आहे, आतां तेथें जातां येणार नाहीं, असें तिला सांगण्यांत आलें. तिच्याबरोबर चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याचें नांव ऑलिव्हिए बांकूल्त. हें नांव पुढें पुन्हां येईल.

१९७१ च्या मार्चांत अमेरिकन नौदलाचे बांधकामाचे शिपाई किनाऱ्यास लागले. वर्ष संपण्याच्या आंत दिएगो गार्सिया रिकामें झालें. अन्न आणणाऱ्या बोटींच्या खेपा कमी होत गेल्या. मळा बंद झाला. मग मंडळींना नोर्डव्हेर नांवाच्या लहानशा बोटींत चढविण्यांत आलें. मळ्याचे घोडे डेकवर, आणि माणसांपैकीं कित्येकजण खालीं खोबऱ्याच्या राशींवर. सामान म्हणून एखादें गाठोडें किंवा पेटी. घरोघरचीं कुत्रीं मागें राहिलीं होतीं. तीं गोळा करून खोबरें वाळविण्याच्या कोठारांत कोंडलीं गेलीं आणि मोटारींचा धूर आंत सोडून मारलीं गेलीं. हें ज्या मुलांनीं पाहिलें, त्यांना आतां आपलीहि हीच गत होणार अशी धास्ती पडली, असें त्यांनीं मोठेपणीं सांगितलेलें आहे. जे आरंभीं पेरोस बान्योस व सालोमोन ह्या शेजारच्या बेटांवर नेले गेले, त्यांनाहि १९७३ च्या मे महिन्यापर्यंत निघावें लागलें. एकंदर दीड-दोन हजार माणसें घरादारांस मुकलीं.

कांहीं सेशेल्सला गेले. पुष्कळसे मॉरिशसच्या पोर्ट लुई शहराच्या कडेला, पत्र्याच्या झोंपड्यांत पडले. मॉरिशस म्हटलें कीं ऊंस आणि गिरमिट्यांचे कष्ट हें चित्र मराठी माणसाला परकें नाहीं. रत्नागिरीकडून गेलेल्या घराण्यांचे वंशज तेथें आजहि गणेशोत्सव करतात. परंतु त्यांना निदान ऊंस तोडण्याचें काम ठरलेलें होतें. चागोसच्या लोकांना येतें तें नारळाचें काम, आणि मॉरिशसला त्याची गरज नव्हती. बेकारी, दारू, उपासमार व आत्महत्या यांनीं त्या वस्त्या ग्रासल्या. त्यांच्या क्रिओल भाषेंत ‘साग्रें’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ दुःख. पण मनुष्य ज्यानें मरतो अशा रोगाचें नांव म्हणूनहि ते तो वापरतात. ब्रिटननें १९७२ मध्यें साडेसहा लक्ष पौंड मॉरिशस सरकारला दिले. ते निर्वासितांच्या हातीं पडावयास पांच-सहा वर्षें लागलीं. बायकांनीं उपोषणें केलीं, पोलिसांचा मार खाल्ला. १९८२ सालीं आणखी ४० लक्ष पौंड देण्यांत आले. ते घेतांना ज्या कागदावर अंगठे घेतले गेले, तो इंग्रजींत होता, आणि त्यांत परत जाण्याचा हक्क सोडल्याचें लिहिलें होतें.

इकडे बेटाचें रूप पालटत होतें. प्रवाळाचे थर सुरुंगानें फोडून त्यांची खडी केली गेली, नारळीचीं बनें सपाट झालीं, आणि आधीं तात्पुरती व मग पक्की धांवपट्टी झाली. १९७३ मध्यें बिनतारी संदेशांचें केंद्र चालूं झालें. साधें दळणवळणाचें ठाणें एवढीच त्याची ओळख त्या वेळीं लोकांना करून देण्यांत आली होती. १९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति झाली व रशियन सैन्य अफगाणिस्तानांत शिरलें, आणि मग ह्या ठाण्यावर पैसा पाण्यासारखा ओतला गेला. धांवपट्टी १२,००० फूट लांब झाली. बेटाच्या पोटांतील पाणी उपसून खोल केलें गेलें, आणि तेथें रणगाडे, दारूगोळा व पिण्याचें पाणी भरलेलीं जहाजें नांगरून ठेवण्याची पद्धत पडली. ह्या पद्धतींतच तळाचें खरें मर्म आहे. सैनिकांना विमानानें कांहीं तासांत कोठेंहि नेतां येतें. पण त्यांचे रणगाडे अमेरिकेहून समुद्रमार्गानें यावयाचे म्हणजे कित्येक आठवडे मोडणार. तें सामान आधींच अर्ध्या वाटेवर आणून ठेवलें, तर सैनिकांनीं फक्त जाऊन तें उचलावयाचें. १९९० सालीं इराकनें कुवेत घेतलें, तेव्हां दिएगो गार्सियाचीं जहाजें ह्याच हिशेबानें सौदी अरेबियाकडे निघालीं. मागाहून येथूनच बी-५२ हीं आठ यंत्रांचीं अवजड विमानें बाँबफेकीसाठीं उडालीं. काबूल येथून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर. तरी २००१ मध्यें वाटेंत हवेंतच तेल भरून घेत विमानें तेथवर गेलीं व परत आलीं. रडारला सहज न दिसणाऱ्या बी-२ विमानांसाठीं पुढें हवा थंड ठेवणाऱ्या खास कोठ्या उभारल्या गेल्या. २०२५ च्या वसंतांत अशीं सहा विमानें एकाच वेळीं तेथें उभीं असलेलीं उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसलीं. इतकेंच नव्हे, तर वाटाड्या उपग्रहांना आज्ञा देणाऱ्या जगांतील मोजक्या अँटिनांपैकीं एक ह्या बेटावर आहे. खिशांतल्या फोनवर रस्ता शोधणाऱ्या मनुष्याचाहि ह्या तळाशीं असा दूरचा संबंध पोंचतो.

जेथें बातमीदार जाऊं शकत नाहींत, तेथें काय चालतें हें कळावयास वेळ लागतो. पकडलेल्या संशयितांना घेऊन जाणारीं विमानें येथें उतरलीं नाहींत, असें ब्रिटिश सरकार वर्षानुवर्षें सांगत होतें. २००८ च्या फेब्रुवारींत परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना पार्लमेंटांत उभें राहून सांगावें लागलें कीं, २००२ सालीं अशीं दोन विमानें तेल भरण्यासाठीं उतरलीं होतीं.

भारतांत ह्या तळाविषयीं एक समज रूढ आहे कीं, १९७१ च्या युद्धाच्या वेळीं बंगालच्या उपसागरांत आलेलें एंटरप्राइज जहाज दिएगो गार्सियाहून आलें. तें खरें नव्हे. तें आरमार पॅसिफिककडून मलाक्क्याच्या सामुद्रधुनीनें आलें. त्या वेळीं बेटावर नुकतें बांधकाम चाललें होतें. परंतु त्या जहाजाच्या सावलीनेंच आपल्याकडील लोकांचें लक्ष ह्या तळाकडे वेधलें. त्याच डिसेंबरांत हिंदी महासागर हें शांततेचें क्षेत्र असावें असा ठराव श्रीलंकेच्या पुढाकारानें संयुक्त राष्ट्रांत संमत झाला. इंदिरा गांधींच्या सरकारनें तळाला सतत विरोध केला. पुढें काळ बदलला, अमेरिकेशीं मैत्री वाढली, आणि हा विरोध मवाळ झाला. तथापि मॉरिशसच्या हक्काला भारतानें दिलेला पाठिंबा मात्र सुटला नाहीं.

आतां त्या चार वर्षांच्या मुलाकडे वळूं. ऑलिव्हिए बांकूल्त मोठा होऊन विजेचीं कामें करूं लागला आणि निर्वासितांचा पुढारी झाला. ३ नोव्हेंबर २००० रोजीं लंडनच्या उच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. प्रदेशाची शांतता, सुव्यवस्था व सुराज्य यांसाठीं कायदे करण्याचा अधिकार सरकारला असला, तरी प्रजेलाच त्या प्रदेशांतून घालवून देण्याचा अधिकार त्यांत येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. दिएगो गार्सिया वगळून इतर बेटांवर जाण्याची मुभा मिळाली. पण २००४ सालीं राजसत्तेच्या खास अधिकारांत, पार्लमेंटाला न विचारतां, ती मुभा काढून घेण्यांत आली. आणि २००८ सालीं उमरावांच्या सभेंतील न्यायाधीशांनीं तीनाविरुद्ध दोन मतांनीं तें उचलून धरलें. एका मतानें एका समाजाचें घर गेलें. पुढचा लढा मॉरिशसनें राष्ट्र म्हणून लढविला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें तेराविरुद्ध एक अशा मतानें सांगितलें कीं, १९६५ ची तोडणी बेकायदा होती व ब्रिटननें आपला कारभार लवकरांत लवकर आवरावा. त्या तेरांत भारताचे दलवीर भंडारी हे एक होते. निकाल सल्ल्याच्या स्वरूपाचा असल्यामुळें ब्रिटननें आरंभीं तो मनावर घेतला नाहीं. पण त्या मेमध्यें आमसभेंत ११६ राष्ट्रें विरुद्ध ६ अशी मोजणी झाल्यावर एकटें पडल्याची जाणीव त्यालाहि झाली असावी.

२२ मे २०२५ रोजीं ब्रिटननें चागोसचें स्वामित्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. मॉरिशसकडून सही करणारे नवीन रामगुलाम हे, १९६५ सालीं ज्यांना एकांतांत बोलाविलें गेलें, त्या शिवसागर रामगुलामांचे चिरंजीव. करारांत दिएगो गार्सियाचा ताबा ९९ वर्षें ब्रिटनकडे, म्हणजे व्यवहारांत अमेरिकेच्या तळाकडे, राहील आणि त्यासाठीं ब्रिटन मॉरिशसला वर्षाला सरासरी १० कोटि १० लक्ष पौंड देईल, असें ठरलें आहे. जी जमीन एकदां ३० लक्ष पौंडांत घेतली होती, तिचें हें भाडें. निर्वासित मात्र एका मताचे नाहींत. कांहींनीं कराराचें स्वागत केलें. कांहींजण म्हणतात कीं, १९६५ सालीं आम्हांला कोणीं विचारलें नाहीं आणि आतांहि विचारलें नाहीं. दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांनीं सहीच्या दिवशीं पहांटे लंडनच्या न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविला. दुपारपर्यंत तो उठला व सही झाली.

२००२ मध्यें ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्यापासून ह्यांतील पुष्कळ कुटुंबें इंग्लंडांत क्रॉली ह्या गांवीं राहतात. तें गॅटविक विमानतळाच्या लगत आहे, आणि कित्येकजण तेथेंच सफाईचीं व सामान उचलण्याचीं कामें करीत आले आहेत. २००६ सालीं सुमारें शंभर चागोसवासीयांना बोटीनें बेटें पाहण्यास नेण्यांत आलें होतें. प्रत्येक बेटावर कांहीं तास मिळाले. त्यांनीं प्रार्थनामंदिर झाडलें, कबरींवरील गवत काढलें, फुलें वाहिलीं आणि मूठभर माती बांधून घेतली. ईस्ट पॉइंटच्या नारळींत तेलघाण्याच्या गाढवांचे वंशज मोकाट हिंडत होते. त्यांना बेटावरून कोणीं काढलें नव्हतें. नव्या कराराप्रमाणें मॉरिशसला आपल्या लोकांना पेरोस बान्योस, सालोमोन आदि बेटांवर पुन्हां वसवितां येईल. दिएगो गार्सियावर नाहीं.